दुपारी बाराची उत्तरं

चौक, ता. ६ जानेवारी २०२५

ती. आबादादा यांस,
धाकट्या सोनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. फोनच करणार होते, पण तुझा फोन म्हणजे गावची दवंडी. कानाला लावला तर मुका, आणि स्पीकरवर टाकला की अख्ख्या आळीला ऐकू जातो. मागे तुला माझं गुडघ्याचं दुखणं सांगितलं, तर आठ दिवसांत कळंबच्या तीन बायकांनी मला तीन तऱ्हेची तेलं पाठवली. म्हणून आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की माझी सून सुरभी टीव्हीवर जाणार. ‘पक्कं ना?’ हा प्रश्नांचा कार्यक्रम तू रोज बघतोस, त्यातच तिची निवड झाली. दिवसभर आमच्या गिरणीवर बसते आणि दळण पडेपर्यंत हाताला लागेल तो कागद वाचते, त्याचं हे फळ. जिंकली तर मिरची-मसाला कांडायचं मशीन घेणार म्हणते. उन्हाळ्यात इथल्या बायका मसाला कांडायला खोपोलीला जातात, त्या आपल्याकडे याव्यात असं तिच्या मनात तीन वर्षं आहे. संतोष खालापुरात वायरमन आहे. त्याच्या पगारात घर चालतं, मशीन येत नाही.

आता तुझ्या कामाचं. खेळताना अडलं तर एकदाच, एकाच माणसाला फोन लावता येतो, तोही तीस सेकंद. तिने तुझं नाव दिलंय. सूत्रधाराचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आबाजी कंडक्टर उत्तर सांगतात, ही तुझी कीर्ती इथल्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचली आहे. मला मात्र नवल वाटतं. सातवीत भूगोलात नापास झालास म्हणून बाबांनी तुला दोन दिवस गुरांमागे पाठवलं होतं, ते मी विसरले नाही. पण म्हातारपणी माणसाला दातांऐवजी अक्कल फुटत असेल.

एक तारखेला शूटिंग आहे. तयारीत राहा. लोभ आहेच, वालाच्या शेंगा आल्या असतील तर त्याही असू देत.

तुझी,
सोना

कळंब, ता. १० जानेवारी

चि. सोना हिस,
आबाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वाचून मी खाली बसलो. बसलेलाच होतो, तरी पुन्हा बसलो.

हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. गॅसवर धरू नकोस, अर्धं जळतं आणि नेमकं नको ते अर्धं शिल्लक राहतं.

हा कार्यक्रम रात्री नऊला लागतो. तोच दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत दाखवतात. रात्री मी एकटा बघतो. गावातली म्हातारी आठलाच आडवी होतात आणि बाकीचे रिसॉर्टवर कामाला असतात. शेजारची चिमा तर तिथल्या स्वयंपाकघरात रात्री दहापर्यंत पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापते. सगळे मोकळे असतात ते दुपारी, आणि दुपारी बाराला ते माझ्या पडवीत बसून तोच कार्यक्रम बघतात. आता तुझ्या ध्यानात आलं असेल.

मी ठरवून फसवलं नाही गं. तुझी वहिनी गेल्यावर मी दुपारचं दार लावून पडून राहायचो. झोप नाही, नुसतं पडणं. एकदा आळीतल्या धोंडीने कोयता मागायला दार बडवलं. कोयता देऊन मी परत आडवा झालो. टीव्ही चालू होता, सूत्रधाराने प्रश्न विचारला आणि मी कूस न बदलता उत्तर सांगितलं. उत्तर शिळं होतं, धोंडीला ताजं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिघे आले, आठवड्याने बारा. चिमा चहाचं पातेलं घेऊन यायला लागली. रोज ठरवायचो, उद्या खरं सांगून टाकीन. त्या उद्याला आता दोन वर्षं झाली.

लाज सांगू तेवढी थोडी. परवा रात्री शेवटच्या प्रश्नाला मला डुलकी लागली. दुपारी तोच प्रश्न आला, चार पर्याय समोर, आणि माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्यात चिमा म्हणाली की चहा तीनच कप ठेवते. माणसं अकरा आणि कप तीन, हे काय गणित, कोण जाणे. पण तीन हा आकडा कानावर पडला, मी तिसरा पर्याय सांगितला आणि तो बरोबर निघाला. देवालाच माझी दया आली म्हणायची.

पण रोज रोज देव येणार नाही. सुरभीला सांग, दुसऱ्या कोणाचं नाव दे. मी आजारी आहे म्हण. फार आजारी म्हणू नकोस, नाहीतर बघायला येतील.

शेंगा पाठवतो. माया आहे तशी राहू दे, या पत्रानंतरही.

तुझा,
आबादादा

चौक, ता. १४ जानेवारी

ती. आबादादा यांस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत आहे. आधी तो खा, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी चुलीत घातलेलं नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलंय. कधी मला उलट बोललास तर उपयोगी पडेल.

पोहता येतं म्हणून उल्हास नदीत उडी मारलीस आणि बाबांनी तुला सदऱ्याच्या कॉलरला धरून काढलं, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. आता अडुसष्टचा आहेस. मला वाटलं होतं मधल्या काळात काही फरक पडला असेल.

नाव बदलता येत नाही. फॉर्म भरून झाला, त्यांच्या माणसाने तुझा नंबरही पडताळून घेतला. तू त्याला मोठ्या ऐटीत सांगितलंस म्हणे, विचारा काय ते. असं कशाला बोललास रे? आता रस्ते दोनच. एक तर सुरभीला स्वतः खरं सांग. मी सांगणार नाही. माझ्या भावाची लाज माझ्या तोंडून सुनेला कळावी, हे मला जमणार नाही. नाहीतर अभ्यास कर. सामान्यज्ञानाचं जाड पुस्तक पाठवतेय. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, म्हणून निदान आडात दोन घागरी ओत.

पण एक ध्यानात ठेव. तुला आपल्या नावाची काळजी आहे, तिला मशीनची. तू ऐटीत काहीतरी ठोकून दिलंस आणि ते चुकलं, तर ती पायऱ्या उतरून खाली येईल आणि मशीन जाईल. तुझं नाव तिच्या मशीनपेक्षा मोठं नाही, हे धाकट्या बहिणीने सांगावं लागतंय.

तिळगूळ खाल्लास ना? मग आता गोड बोल, आणि खरंही.

तुझी,
सोना

कळंब, ता. २७ जानेवारी

चि. सोना हिस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकाची चाळीस पानं झाली. सकाळी वाचतो ते संध्याकाळी म्हशीला म्हणून दाखवतो. तिच्या चेहऱ्यावरून बरोबर की चूक ते कळत नाही. देशांच्या राजधान्या तर माझ्या डोक्यात फुल्ल भरलेल्या गाडीसारख्या झाल्यात. पुढून एक चढवली की मागून दोन उतरतात. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे सगळे थांबे मला अजून उलटसुलट पाठ आहेत, पण ते कोण विचारतो?

सुरभीला तीन पत्रं लिहायला घेतली. पहिल्यात खरं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यात अर्धं खरं लिहिलं, ते वाचून मलाच कळेना मला काय म्हणायचंय. तिसऱ्यात तिला आशीर्वाद देऊन थांबलो. तेवढं पाठवलं.

गावाने तर कहर केलाय. टीव्हीवर माझा आवाज येणार हे कळल्यावर धोंडीने नाक्यावर फ्लेक्स लावला. माझा नोकरीतला फोटो, अंगावर खाकी, हातात तिकिटांची पेटी, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘कळंबचे ज्ञानरत्न’. येणारा-जाणारा वाचतो. मी दूध घालायला मागच्या वाटेने जातो. चिमा रोज भिजवलेले बदाम आणून देते, डोकं चालायला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीला आता घाम फुटलाय.

लोभ असावा. प्रार्थना केलीस तरी चालेल.

तुझा,
आबादादा

कळंब, ता. २ फेब्रुवारी

चि. सोना हिस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितो आहे. काल फोन आला.

घरात माणसं जमली होती, म्हणून मी म्हशीचं पोट बिघडल्याचं सांगून गोठ्यात जाऊन बसलो. फोन स्पीकरवर ठेवला, दुसरा इलाज नव्हता. पावणेचारला वाजला. त्या सूत्रधाराने माझं फार कौतुक केलं. मग सुरभीचा आवाज आला. कुठल्या ग्रहावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो? मंगळ, शुक्र, गुरू की शनी? तिला गुरू वाटत होता, सगळ्यांत मोठा म्हणून. मामा, मी गुरू म्हणू का, असं तिने विचारलं.

सोने, हो म्हणायला मला एक सेकंद लागला असता. बरोबर आलं असतं तर ज्ञानरत्न, आणि चुकलं असतं तर प्रश्नच अवघड होता म्हणून सुटलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण ती मामा म्हणाली तो आवाज, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली होती तेव्हा पाणी मागितलं होतं तसा होता. मग मला तू लिहिलेलं ते मशीन आठवलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. ते जसं आठवतं तसं लिहितो.

“सुरभे, मला नाय माहीत गं. मला कदीच काय माहीत नसतं. मी रात्री कार्यक्रम बघतो आनि दुपारी गावापुढं तीच उत्तरं सांगतो. माझ्यावर इसंबू नको. पक्कं नसंल तर थांब.”

एवढ्यात तीस सेकंद संपले आणि फोन कटला. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी बाहेर आलो तर सगळे विचारायला लागले, उत्तर काय सांगितलंत. मी म्हटलं, जे खरं होतं ते सांगितलं. त्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता हे सगळं वीस तारखेला रात्री टीव्हीवर येणार, आणि एकवीसला दुपारी बाराला माझ्याच पडवीत, माझ्याच टीव्हीवर, त्यांच्या सगळ्यांपुढे. आपल्या संतोषला विचार, एकवीस तारखेला बारा ते एक कळंबची लाइट दुरुस्तीला म्हणून बंद ठेवता येते का. मी त्याला कधी काही मागितलेलं नाही.

पोरीचं काय झालं ते आधी कळव.

तुझा,
आबादादा

चौक, ता. ६ फेब्रुवारी

ती. आबामामा यांस,
सुरभीचा सा. न. वि. वि.

कार्यक्रम लागेपर्यंत निकाल बाहेर सांगायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. पण तुम्ही माझ्यासोबत खेळलात, त्यामुळे तुम्हाला बाहेरचे कसं म्हणणार? हे पत्र मात्र तांदळाच्या डब्यात टाका. आमच्या घरात तशी पद्धत आहे असं मला नुकतंच कळलं.

मामा, मी थांबले. खेळ सोडला आणि जिंकलेलं होतं ते घेऊन उठले. नंतर त्यांनी उत्तर दाखवलं, ते शुक्र होतं. गुरू म्हटलं असतं तर दोन पायऱ्या खाली आले असते आणि मशीन गेलं असतं. आता ते येतंय. होळीच्या आत बसवायचं ठरलंय आणि पहिला मसाला तुमच्या घरचा कांडायचा. पैसे घेणार नाही, पण मिरच्यांची देठं काढून आणा.

आणखी एक सांगते, रागावू नका. मला आधीपासून माहीत होतं. दिवाळीत तुमच्याकडे राहिले होते, तेव्हा रात्री तुम्ही टीव्हीसमोर बसून वहीत उत्तरं लिहीत होतात आणि मी पाणी प्यायला उठले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा थाट बघून मी उशीत तोंड खुपसून हसले. मग तुमचंच नाव का दिलं, असं सासूबाईंनी परवा विचारलं. आमच्या यांना, संतोषना, विचारलं असतं तर यांनी छातीठोकपणे काहीही सांगितलं असतं, यांना माहीत नाही असं या जगात काही नाही. माझा भाऊ प्रवीण तसाच. मला असा माणूस हवा होता, जो अडला तर नाही म्हणेल. ज्याने दोन वर्षं रोज रात्री नीट अभ्यास केला, त्याला आपल्याला काय येत नाही ते बरोबर ठाऊक असणार, असा माझा हिशेब होता. तुम्ही नुसतं नाही म्हणाल एवढीच माझी अपेक्षा होती. एवढं सगळं सांगाल असं मला वाटलं नव्हतं.

तिथले लोक हसत हसत उभे राहिले, मामा. मी मात्र रडले. त्यातलं काहीच कापणार नाही असं ते म्हणाले, म्हणून आधीच सावध करते.

आशीर्वाद आहेतच, मसाल्याचं माप तेवढं कळवा.

आपली,
सुरभी

चौक, ता. १२ फेब्रुवारी

ती. आबादादा यांस,
सा. न. वि. वि.

लाइट जाणार नाही. संतोषला विचारलं. तो म्हणाला, मामांसाठी खांबावर चढेन, पण नोकरी खांबावर टांगणार नाही. आणि त्याने तसं केलं असतं तर मीच त्याला घरात घेतलं नसतं.

तू दोन वर्षं लपलास ते दाराआड नव्हे, उघड्या दारात बसून लपलास. आता त्याच दारात बस. कोणी हसलं तर हसू दे. कोणी यायचं बंद झालं तर मला कळव, मी येऊन चार दिवस राहीन आणि तुझ्याशी इतकी भांडेन की गर्दीची आठवण येणार नाही.

आणि ऐक, फोनवर हो म्हणाला नाहीस याचा मला अभिमान वाटला. हे एकदाच लिहितेय. परत विचारलंस तर नाही म्हणेन.

दिवस कसे जातायत? त्या शुक्रावर आहेस असं समज आणि कळ काढ.

तुझी,
सोना

कळंब, ता. २१ फेब्रुवारी

चि. सोना हिस,
आबादादाचे भरभरून आशीर्वाद.

संध्याकाळ झाली आहे. जे झालं ते झालं तसं लिहितो.

काल रात्री कार्यक्रम बघितला. माझा फोटो दाखवला, आवाज आला, म्हशीचं हंबरणंही आलं. सुरभी किती छान दिसत होती गं. तिला उठून जाताना बघितलं आणि मग टीव्ही बंद केला. आज सकाळी दार लावून घ्यावं असं दहा वेळा मनात आलं. तुझं पत्र आठवलं म्हणून उघडं ठेवलं. साडेअकराला सतरंजी घातली. वाटलं, येईल कोणी तर येईल, आणि यानंतर बहुतेक नाहीच.

सगळे आले. नेहमीपेक्षा जास्त आले, काहींना अंगणात बसावं लागलं. चिमा मोठं पातेलं घेऊन आली. कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी रोजच्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आज मी काही सांगणार नाही. कोणी आग्रह केला नाही. सुरभी पायऱ्या चढत होती आणि माझा श्वास खाली खाली जात होता. शेवटी तो ग्रहांचा प्रश्न आला. सूत्रधार म्हणाला, फोन लावूया.

तेव्हा चिमा माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आबा, आता तुमी फोनवर काय बोलनार, ते सांगा बगू.”

सोने, मला समजायला जरा वेळ लागला. तोवर टीव्हीत माझा आवाज सुरू झाला होता, आणि माझ्या पडवीत बसलेली सगळी माणसं तो माझ्याबरोबर, माझ्या आधी, म्हणायला लागली. मला कदीच काय माहीत नसतं, हे धोंडी तर माझ्यापेक्षा बरं म्हणत होता. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात टीव्ही आहे. पहिल्या दिवसापासून आहे. चिमा रोज रात्री नऊला भाकऱ्या थापता थापता हाच कार्यक्रम बघते, आणि ज्यांना बघायला मिळत नाही त्यांना सकाळी पाणवठ्यावर उत्तरं सांगते. धोंडीला पहिले आठ दिवस खरं वाटलं होतं, मग तोही त्यात सामील झाला. दोन वर्षं सगळं गाव मला फसवत होतं आणि मला वाटत होतं मी गावाला फसवतोय.

मी रागावलोच. म्हटलं, मग येत कशाला होता रोज? तुम्हाला सगळं माहीत होतं तर इथे काय बघायला बसत होता?

चिमाने चहा गाळला आणि मान वर न करता म्हणाली, “वयनी गेल्यापासून तुमचं दार दुपारचं लावलेलं असायचं. ते उघडं राहतंय ना, तेवडंच बगायला येतो. तुमाला उत्तर येतंय का नाय, त्याचं आमाला काय?”

मग मला ते तीन कप आठवले. देवाची दया वगैरे मी तुला लिहिलं होतं, ते खोडून टाक. ती दया नव्हती, चिमा होती. मी तिथेच बसून रडलो, सगळ्यांदेखत, आणि लाज वाटली नाही. धोंडीने लगेच टीव्हीचा आवाज वाढवला, जाहिरात लागली होती तरी.

फ्लेक्स अजून नाक्यावरच आहे. ज्ञानरत्नाच्या खाली धोंडीने कागद चिकटवलाय, ‘रात्री नऊनंतर’. मी आता पुढच्या वाटेने दूध घालायला जातो. सुरभीला सांग, देठं काढायला चिमा, धोंडी आणि अर्धी आळी बसली आहे, दहा किलोचं माप धर. तिघे-चौघे मशीन बघायलाही येणार आहेत.

उद्यापासून रात्री बघणार नाही असं मी जाहीर केलं. दुपारी जे येईल ते उत्तर सांगीन, चुकलं तर चुकलं. सगळ्यांनी हो म्हटलं. मग जाता जाता चिमा दारात थांबली आणि विचारलं, अडलं तर कप ठेवू ना? मी म्हटलं, ठेव.

ते माझं जुनं पत्र तांदळाच्या डब्यातच राहू दे. लोभ दोन्हीकडे आहे, तो आता मला नीट दिसायला लागलाय.

तुझा,
आबादादा